ब्रेकचा मास्टर सिलिंडर पायाखाली जातो तेव्हा

रोजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या पत्र्यालगत, एक पांढुरकी प्लॅस्टिकची टाकी दिसते. तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त पातळीच्या दोन रेघा असतात. टाकीखाली आडवा असतो तो ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांच्या ब्रेककडे ढकलणारी नळी. सहा महिन्यांतून एकदा तिकडे नजर टाकली तरी त्याचं भागतं. हाच सिलिंडर तिथून काढून ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या पत्र्याखाली, चासीला बसवला तर काय बदलतं? वरवर पाहता काहीच नाही. ऑइल तेच, पाइप तेच, पेडलही तेच. बदलते ती फक्त उंची. गंमत अशी की हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकमध्ये ही उंची बरीच कामं फुकटात करून देत असते. ती गेली की त्यातलं एकेक काम आपल्याला पदरमोड करून करावं लागतं. हॉट रॉड बनवणाऱ्यांना हे हिशेब तोंडपाठ असतात. बाकीच्यांसाठी ते जरा सविस्तर मांडतो.

हॉट रॉड म्हणजे जुनी, साधारण १९२० किंवा १९३०च्या दशकातली अमेरिकी गाडी, बहुतेक वेळा फोर्ड. तिची मडगार्डं उतरवायची, नको असलेलं वजन काढून टाकायचं आणि आत दांडगं इंजिन घालायचं. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर तरुण पोरं अशा गाड्या पळवायची, तिथून हा छंद सुरू झाला. इंजिनं वाढत गेली, ब्रेक मात्र मागे राहिले. १९२१च्या ड्युसेनबर्गला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक होते, क्रायस्लरने ते १९२४मध्ये दिले. फोर्डने मात्र १९३८पर्यंत सळया आणि तरफांचे ब्रेक सोडले नाहीत. पेडलपासून चाकापर्यंत सगळं पोलादी आहे, हेच ते जाहिरातीत अभिमानाने सांगत. १९३९ साली फोर्डलाही हायड्रॉलिककडे यावं लागलं. म्हणून १९३२ची फोर्ड घेऊन बसलेल्या माणसाला ब्रेकची सगळी यंत्रणा नव्याने उभी करावी लागते, आणि तेव्हा पहिला प्रश्न येतो तो मास्टर सिलिंडर कुठे बसवायचा हा.

तो फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्यावर, का नको? एक तर तिथे जागा नसते. व्ही-आठ इंजिन मागे सरकून फायरवॉलला जवळजवळ टेकलेलं असतं. दुसरं कारण सौंदर्याचं आहे, आणि हॉट रॉडवाले ते पहिलं म्हणून सांगतात. बाजूचे पत्रे काढलेल्या इंजिनामागे गुळगुळीत, रंगवलेला पत्रा दिसायला हवा, त्यावर लोखंडी डबा लटकलेला कुणालाच नको असतो. शिवाय या गाड्यांची पेडलं मुळात फ्लोअरच्या फटीतूनच वर आलेली असतात आणि त्यांची कणी, म्हणजे पेडल ज्याच्यावर फिरतं तो आस, खाली चासीवर असते. सिलिंडरही तिथेच जाणं ओघानेच आलं.

पायाचं गणित

कणीपासून पायाच्या पट्टीपर्यंत ३० सेंटिमीटर आणि कणीपासून पुशरॉडच्या (पेडलचा जोर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर नेणाऱ्या दांड्याच्या) भोकापर्यंत ५ सेंटिमीटर असेल, तर पेडलचं गुणोत्तर ६ झालं. पायाने ५० किलोचा जोर दिला की पुशरॉडवर ३०० किलो येतात. सिलिंडरचा आतला व्यास १ इंच असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटरच्या किंचित वर भरतं. म्हणजे ऑइलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५९ किलो, साधारण ८४० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). हाच दाब पुढच्या कॅलिपरमधल्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पकडणाऱ्या चिमट्यातल्या) ६३ मिलिमीटरच्या पिस्टनवर पोचतो. त्याचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटर आहे, त्यामुळे ब्रेक पॅड डिस्कवर अठराशे किलोंनी दाबला जातो. पायाचे ५० किलो एवढे वाढतात, ते तरफ आणि पास्कलच्या नियमामुळे (कोंडलेल्या द्रवातला दाब सगळीकडे सारखाच पोचतो).

आता १ इंचाऐवजी ७/८ इंचाचा सिलिंडर घातला तर काय होईल? क्षेत्रफळ कमी झालं, म्हणून त्याच पायाने दाब १,१०० पीएसआयच्या आसपास जाईल. ब्रेक हलका लागेल. पण तेवढंच ऑइल ढकलायला पिस्टनला सुमारे ३० टक्के जास्त सरकावं लागेल, म्हणजे पेडल तेवढंच खोल जाईल. नवखा माणूस इथे हमखास चुकतो. ब्रेक कडक लागतो म्हणून तो मोठा सिलिंडर आणतो आणि ब्रेक आणखी कडक होतो. बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, पायाचा जोर वाढवणारा डबा) नसेल तर ६च्या आसपासचं गुणोत्तर आणि १ इंच किंवा त्याहून किंचित लहान सिलिंडर, ही जोडी सहसा जमते.

बूस्टर हवाच असेल तर ७ इंचांचे छोटे बूस्टर फ्लोअरखाली बसतात. मग गुणोत्तर ४च्या आसपास आणावं लागतं, नाहीतर नुसता पाय ठेवला तरी गाडी नाक टेकते. माझं मत विचाराल तर हलक्या रोडस्टरला (उघड्या टपाच्या गाडीला) बूस्टरची गरज नसते. त्यातून तगडा कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घातलेल्या इंजिनाला व्हॅक्यूम कमी असतो, त्यामुळे बूस्टर लावूनही पदरात फारसं पडत नाही.

ब्रॅकेट, आणि पेडल अडतं कुठे

वरचं पेडल पुढे गेलं की कणीच्या खालचा दांडा मागे जातो. म्हणून फ्लोअरखालच्या मांडणीत सिलिंडर सहसा पेडलच्या मागे असतो, तोंड पुढे करून. तो ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याच ब्रॅकेटवर पेडलची कणीही असावी, हा नियम मी तरी कधी मोडणार नाही. घाबरून ब्रेक मारताना माणूस सहज १०० किलोंनी पाय दाबतो, म्हणजे पुशरॉडवर ६०० किलो येतात. कणी चासीच्या एका पट्टीवर आणि सिलिंडर दुसऱ्या पट्टीवर असेल तर ती दोन्ही एकमेकांपासून दूर ढकलली जातात. पत्रा वाकतो आणि पायाला ब्रेक स्पंजासारखा लागतो. पाइपात हवा शिरली तरी पेडल असंच लागतं, म्हणून मालक आठवडाभर पाइपांतली हवा काढत बसतो, आणि मुळात हवा तिथे नसतेच. हे तपासणं सोपं आहे. एकाला पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि दुसऱ्याने खाली झोपून ब्रॅकेटकडे बघा. सिलिंडर नुसत्या डोळ्यांना हलताना दिसला, तर कोपऱ्यात तिरक्या पट्ट्या वेल्ड करायची वेळ आली आहे.

पुशरॉड सिलिंडरच्या रेषेत असावा. पेडलचं टोक वर्तुळात फिरतं, त्यामुळे रॉड सगळीकडे सरळ राहणार नाही, पण निम्म्या प्रवासात तो सरळ आला म्हणजे झालं. तिरका रॉड पिस्टनला एका बाजूला रेटतो, आणि सहा महिन्यांत तिथलं रबर एकाच अंगाने झिजतं. आणखी एक बारकावा. या गाड्या नाक खाली घालून उभ्या असतात, म्हणून सिलिंडरची पातळी चासीवरून धरू नका. चाकांवर गाडी जशी उभी राहणार तशी उभी करून, जमिनीला समांतर धरा.

पेडल खाली अडतं कुठे, हे बघायला लोक विसरतात, आणि ब्रेकच्या कामात इतकी महागात पडणारी चूक दुसरी नसेल. अमेरिकी गाड्यांना १९६७च्या मॉडेलपासून दुहेरी मास्टर सिलिंडर येऊ लागले. एकाच नळीत दोन पिस्टन एकामागे एक असतात, एक पुढच्या चाकांचा, दुसरा मागच्यांचा. एका बाजूचा पाइप फुटला की त्या बाजूचा पिस्टन रिकामाच सरकत जातो, टोकाला टेकतो, आणि मगच दुसऱ्या बाजूला दाब तयार होतो. म्हणजे ज्या दिवशी खरी गरज पडते त्या दिवशी पेडलला नेहमीपेक्षा कितीतरी खोल जावं लागतं. सिलिंडरचा पूर्ण स्ट्रोक २८ मिलिमीटर आणि गुणोत्तर ६ असेल, तर पायाच्या पट्टीला जवळजवळ १७ सेंटिमीटर जागा लागते. फ्लोअरमधून वर येणाऱ्या पेडलचा दांडा त्याआधीच फटीच्या काठाला किंवा तिरक्या पत्र्याला टेकला, तर दुसरा सर्किट असून नसल्यासारखा. एरवी ब्रेक उत्तम लागतो, त्यामुळे हे कळतही नाही. म्हणून पाइप जोडण्याआधी सिलिंडर कोरडाच बसवा, पेडल हाताने अगदी शेवटपर्यंत दाबा आणि आधी काय टेकतं ते पाहा. आधी पिस्टन टेकायला हवा. त्यानंतर पेडल आणि पत्रा यांच्यामध्ये निदान बोटभर फट उरायला हवी, कारण तिथे पुढे गालिचाही येणार असतो.

दीड मिलिमीटरची फट

एका मित्राच्या गाडीवर आम्ही दोघं काम करत होतो. पहिल्या चक्करला सगळं झकास होतं. पेडल वरच्या वर पकडत होतं. मित्र म्हणाला, "बघ, थोडंसुद्धा ढिलं ठेवलं नाही." वीस मिनिटांनी पेडल दगडासारखं झालं. थोड्या वेळाने गाडी उतारावर सोडली तरी जागची हलेना. पुढच्या डिस्कवर पाण्याचा थेंब टाकला, तो चर्रकन उडाला.

"थोडंसुद्धा ढिलं ठेवलं नाही" इथेच गोम होती. मास्टर सिलिंडरच्या छतात, टाकीच्या तळाशी, सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की हे भोक उघडं पडतं आणि पाइपांमधलं ऑइल टाकीशी जोडलं जातं. ब्रेक तापले, ऑइल फुगलं, तर जास्तीचं ऑइल इथून टाकीत परत जातं. पेडल दाबताना पिस्टनचं रबर सर्वांत आधी हे भोक ओलांडतं आणि मगच दाब तयार होतो. पुशरॉड नेहमीच पिस्टनला किंचित रेटून उभा असेल तर रबर भोकावरच बसून राहतं. गाडी चालते, ब्रेक थोडे तापतात, ऑइल फुगतं, परत जायला वाट नसते, म्हणून पॅड डिस्कवर घासतात, ब्रेक आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं. हे चक्र स्वतःच स्वतःला चालवत राहतं.

उपाय साधा आहे. पेडल मागे टेकेल असा पक्का ठोकळा चासीवर हवा, पेडलला तिथे ओढून धरणारी स्प्रिंग हवी, आणि पेडल त्या ठोकळ्याला टेकलेलं असताना पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात एक ते दीड मिलिमीटर फट हवी. गुणोत्तर ६ असेल तर पायाला ही फट सहा ते नऊ मिलिमीटरच्या ढिलेपणासारखी लागते. ती लागायलाच हवी. फट ठेवून लॉक नट घट्ट करा आणि त्यावर रंगाची एक रेघ मारून ठेवा, म्हणजे नट फिरला तर दिसतं.

चाकं जाम झालीच आणि दोष पुशरॉडचा की दुसरा कशाचा हे कळत नसेल, तर सिलिंडरचे दोन नट ढिले करा आणि तो ब्रॅकेटपासून तीन-चार मिलिमीटर मागे सरकवा. चाक मोकळं झालं तर दोष पुशरॉडचा. नाही झालं तर पुढे पाइपात शोधा. मित्राची गाडी नट ढिले करताच आपसूक पुढे घरंगळली. तिच्यामागे लाकडी ठोकळे लावले होते, पुढे कुणीच लावले नव्हते.

पुशरॉड ज्या खड्ड्यात बसतो तोही बघून घ्या. बूस्टरसाठीच्या सिलिंडरच्या पिस्टनला उथळ खड्डा असतो, कारण तिथे रॉड बूस्टरमध्ये पकडलेला असतो. बिनबूस्टरच्या सिलिंडरला खोल खड्डा असतो. उथळ खड्ड्याचा सिलिंडर साध्या पेडलला लावला आणि पाय चटकन सटकून पेडल मागे उसळलं, तर रॉड खड्ड्यातून निसटून खाली लोंबू शकतो. दुकानात दोन्ही सिलिंडर बाहेरून सारखेच दिसतात. खड्ड्यात बोट घालून बघावं, लाजू नये.

ऑइल उताराकडे पळतं

आता मूळ उंचीच्या प्रश्नाकडे. फायरवॉलवरची टाकी चाकांतल्या कॅलिपरपेक्षा वर असते, त्यामुळे ऑइलचा कल नेहमी चाकाकडे असतो. फ्लोअरखाली ती टाकी कॅलिपरच्या वरच्या टोकापेक्षा खाली जाते. ते सुईएवढं भोक, ज्याची आत्ताच एवढी स्तुती केली, पेडल सोडलं की उघडं असतं. म्हणजे कॅलिपरपासून टाकीपर्यंत सलग उतार तयार झाला. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल मुंगीच्या पावलांनी टाकीकडे परतायला लागतं आणि जाताना कॅलिपरचा पिस्टन किंचित मागे ओढतं. सकाळी पहिल्यांदा ब्रेक मारला की पेडल खोल जातं, दोन पंप मारल्यावर वर येतं. माणूस म्हणतो, पाइपात हवा असणार. आणि तो पुन्हा हवा काढायला बसतो.

यावरचा उपाय म्हणजे रेसिड्युअल व्हॉल्व्ह. पाइपात बसणारा, अंगठ्याएवढा एकदिशा झडपेचा तुकडा. पेडल दाबताना तो ऑइल चाकाकडे सरळ जाऊ देतो. परत येताना पाइपातला दाब ठरावीक आकड्यापर्यंत उतरला की दार लावून घेतो. डिस्क ब्रेकसाठी हा आकडा २ पीएसआय, ड्रमसाठी, म्हणजे फिरत्या डब्याला आतून बूट (ब्रेक शू) दाबणाऱ्या ब्रेकसाठी, १०.

इतका कमी दाब पुरतो? पुरतो. कॅलिपर आणि टाकी यांच्या उंचीत फार तर १५-२० सेंटिमीटरचा फरक असतो. २ पीएसआयचा दाब सुमारे १.४ मीटर उंच पाण्याचा स्तंभ पेलतो. म्हणजे गरजेच्या कितीतरी पट. मग ड्रमला १० कशाला? ड्रमच्या चाकातल्या सिलिंडरमध्ये ओठासारखं रबर असतं. आतून थोडा दाब असला तरच ते भिंतीला चिकटून बसतं, शिवाय ड्रममधल्या दणकट स्प्रिंगा बूट मागे ओढत असतात, त्यांच्यापुढे १० पीएसआयचं काही चालत नाही. डिस्कला अशा स्प्रिंगा नाहीत. तिथे चुकून १०चा व्हॉल्व्ह लावला तर ३१ चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनवर कायम २२ किलो बसून राहतात आणि पॅड चालता चालता झिजत जातात. २ पीएसआयने तिथे जेमतेम साडेचार किलो येतात, आणि तेवढ्यात पिस्टनभोवतालचं चौकोनी रबर त्याला पुरेसं मागे खेचू शकतं.

व्हॉल्व्ह सिलिंडरच्या जवळ बसवतात, बाण चाकाकडे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतील तर एका पाइपात २चा, दुसऱ्यात १०चा. इथे एक छुपा घोटाळा असतो. ड्रमच्या गाड्यांसाठी बनलेल्या काही मास्टर सिलिंडरांत पाइप जोडायच्या पितळी बैठकीमागे असा व्हॉल्व्ह आधीच घातलेला असतो. तो सिलिंडर जुन्या सामानातून उचलून डिस्कला जोडला, की ब्रेक का घासतायत याचं कोडं बाहेरून कधीच सुटत नाही. बैठक काढून बघावीच लागते.

भरायचं कसं, बघायचं कसं

टाकी पायाखाली गेली की ती दिसेनाशी होते, आणि न दिसणारी टाकी माणूस विसरतो. एक रस्ता म्हणजे फ्लोअरला झाकण ठेवायचं. पत्रा कापायच्या आधी सिलिंडर जागेवर बसवा आणि त्याचं स्वतःचं झाकण उचलायला वर किती जागा लागते ते बघा. जुन्या पद्धतीच्या टाक्यांवर तारेचा आकडा असतो. तो बाजूला पाडायला हात वळला पाहिजे. ऑइल ओतायला बाटली उभी राहात नाही, त्यामुळे जाड पिचकारी वापरतात. झाकणाखालची रबरी पडदी मात्र शाबूत हवी. रस्त्यावरचं पाणी आणि धूळ थेट त्या टाकीवर उडत असते.

दुसरा रस्ता म्हणजे लांबची टाकी: सिलिंडर खाली आणि टाकी वर, फायरवॉलच्या आतल्या बाजूला किंवा डिकीत कुठेतरी. टाकी कॅलिपरपेक्षा उंच बसली तर उताराचा प्रश्न मुळातूनच सुटतो आणि डिस्कसाठीच्या २च्या व्हॉल्व्हची गरज उरत नाही. ड्रमचा १०चा तरीही लागतो. पण टाकीपासून सिलिंडरपर्यंतचा होज पाइप सतत चढत जायला हवा. मध्ये कुठे कुबड आलं तर तिथे हवेचा बुडबुडा ठाण मांडतो. आणि पेट्रोलचा होज इथे चालत नाही. ब्रेक ऑइल आणि पेट्रोल यांना लागणारी रबरं वेगळी. चुकीचं रबर फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे त्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसतात. मला स्वतःला फ्लोअरचं झाकण आवडतं. सांधे कमी, आणि निमित्ताने खाली डोकावलं जातं.

सायलेन्सरचा पाइप बहुतेक वेळा याच बाजूने जातो, म्हणून उष्णतेचंही बघावं लागतं. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. कोरडं असताना डॉट ३ (डॉट ही ब्रेक ऑइलची अमेरिकी प्रतवारी) किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर हा आकडा १४०वर येतो. डॉट ४चे तेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय सरळ फ्लोअरला जातो. पाइप आणि सिलिंडर यांच्यामध्ये पत्र्याची आडोशी लावा, पण ती दोघांनाही चिकटलेली नको, दोन्ही बाजूंना हवा खेळली पाहिजे. प्रदर्शनात गाडी लावणारे लोक सिलिकोनच्या डॉट ५च्या प्रेमात असतात, कारण ते सांडलं तरी रंग खात नाही. खरं आहे. पण ते दुसऱ्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि बारीक बुडबुडे धरून ठेवतं, त्यामुळे पेडल थोडं मऊ लागतं. डॉट ५.१ हा नावाने त्याचा भाऊ वाटतो, प्रत्यक्षात तो डॉट ३ आणि ४च्या घरातला आहे.

पाइप साधारण ४.७५ मिलिमीटरचे पोलादी किंवा तांबे-निकेलचे हवेत, टोकं दुहेरी घडीची. नुसत्या तांब्याचा पाइप वाकवायला लोण्यासारखा, पण कंपनांनी कडक होऊन तडकतो. आणि गाडीखालचं काहीही, सिलिंडर धरून, टायरमधली हवा गेल्यावर चाकाची रिम जमिनीला टेकेल त्या पातळीच्या खाली लोंबता कामा नये.

हवा काढणं

गाडीवर चढवण्याआधी सिलिंडर शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडा. दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा आणि पिस्टन बोथट स्क्रूड्रायव्हरने सावकाश आत-बाहेर करा. बुडबुडे थांबेपर्यंत. हे टाळलं तर ती हवा पुढे गाडीवर तासन्‌तास छळते, कारण फ्लोअरखाली सिलिंडरजवळ हात जात नाही.

गाडीवर सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. टाकी वर असलेल्या गाडीत निप्पल (कॅलिपरवरचं हवा काढायचं तोंड) उघडून ठेवलं तरी ऑइल आपोआप खाली थेंब थेंब येतं. इथे ती सोय गेली, ऑइल वर चढवावं लागतं. दोघांनी पेडल आणि निप्पल वाटून घेऊन करा किंवा टाकीवर दाब देणारं साधन लावा. टाकी छोटी असते, दर आठ-दहा पंपांनी झाकण उघडून बघा. रिकामी झाली की श्रीगणेशापासून सुरू.

इतकं करूनही पेडल मऊच लागत असेल तर कॅलिपरकडे बघा. निप्पल वरच्या टोकाला हवं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला तर निप्पल खाली जातं. कॅलिपर बसतो, पाइप जुळतो, सगळं ठीक दिसतं, फक्त हवा वर कोंडलेली राहते. हे मी एका अनुभवी माणसाच्या हातून झालेलं पाहिलंय, त्याला दोन लिटर ऑइल ओतून झाल्यावर कळलं.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल एक मिनिट घट्ट दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठून तरी गळतंय किंवा आतलं रबर जातंय. गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल, पहिल्याच दाबाला पेडल कालच्याच उंचीवर पकडत असेल, तर हळूहळू अर्धा तास चालवून या आणि चारही रिमांजवळ हात धरा, लगेच टेकवू नका. दोन्ही पुढची सारखी गरम, दोन्ही मागची त्याहून कमी, असं हवं. एखादं चाक वेगळंच तापलं असेल तर गाडी परत ठोकळ्यांवर घ्या. ठोकळे या वेळी दोन्ही बाजूंना लावा.